अकराव्या खुंटीचा आवाज

आमची शाळा बंद होऊन सहा वर्षं झाली. आता गावमंडळ तिच्यावर पुस्तिका काढतंय आणि सायमीबाईंवरची पानं माझ्या गळ्यात पडली आहेत. "लेंपी, जरा गोड लिही हं," असं मंडळाच्या सेक्रेटरीने बजावलं. गोड लिहायला मी काय मास्तरीण होते? मी शाळेची स्वयंपाकीण. बावीस वर्षं पोरांसाठी सूप ढवळलं. बाईंचं आणि माझं फारसं पटायचंही नाही. पण त्यांची एक गोष्ट मला ठाऊक आहे, आणि तिच्यात माझा मूर्खपणा इतका आहे की ती दुसऱ्या कुणी लिहिलेली मला खपणार नाही.

सायमी कार्पिनेन आमच्या गावात आल्या त्या एक सूटकेस आणि दोन जोड स्की घेऊन. शाळेच्या माडीवरच्या खोलीत राहिल्या, लग्न केलं नाही, एकतीस हिवाळे पोरांना स्की शिकवली. अंगाने एवढ्याशा, नाक कायम लाल, आणि आवाज इतका हळू की पोरं गप्प बसल्याशिवाय ऐकूच यायचा नाही. माझं उलट. मी स्वयंपाकघरात शिंकले तर तळ्यापलीकडची कुत्री भुंकतात, असं माझा नवरा रेइनो म्हणतो.

बाईंची शिकवायची तऱ्हाच वेगळी. पहिलीच्या पोरांना महिनाभर काठ्या द्यायच्याच नाहीत. "काठ्या मिळाल्या की पोरं हातांनी चालायला लागतात," म्हणायच्या. स्की निवडताना पोराला दोन्ही स्कींवर उभं करायचं आणि पायाखाली मधोमध वहीच्या कागदाची पट्टी घालायची. दोन्ही पायांवर उभं असताना पट्टी सरकली पाहिजे, एका पायावर भार दिला की अडकली पाहिजे. तरच ती जोडी त्या पोराची. मग शेडमधल्या एका खुंटीवर ती टांगायची, आणि खुंटीचा आकडा शाळा सुटेपर्यंत त्या पोराचा. माझा मुलगा वेसा, त्याची खुंटी अकरावी. पहिलीतली मिर्वा, सगळ्यांत लहान, तिला पहिली खुंटी मिळाली होती. बाईंची स्वतःची खुंटी शेडच्या दाराबाहेर होती. तिला त्या शून्य म्हणायच्या.

नोव्हेंबरात, तळं गोठायच्या आधी, बाई पोरांना शाळेच्या अंगणात हिमात पालथं झोपवायच्या. बर्फ फुटून आत गेलात तर काठ्या आडव्या टाकायच्या, त्यांच्यावर कोपरं टेकायची, पाय मागे झाडायचे, आणि बाहेर आलात तरी उभं राहायचं नाही, लोळत दूर व्हायचं. आम्ही आया कुंपणाशी उभ्या राहून हसायचो.

"काय बाई, आज लोळायचा तास का?" मी एकदा विचारलं.

"हो. जागा आहे अजून. या तुम्हीपण," त्या म्हणाल्या.

तळ्यावर गेल्यावर त्यांचे दोन नियम. पहिला, सगळ्यांत हळू चालणारं पोर सगळ्यांत पुढे, म्हणजे रांग तुटत नाही. दुसरा, मोजणी. बाई "शून्य" म्हणायच्या आणि पोरं आपापला आकडा ओरडायची, एकपासून एकोणीसपर्यंत. एखादा आकडा आला नाही तर एका श्वासाएवढी जागा मोकळी सोडायची आणि पुढच्याने पुढचा म्हणायचा. पण दुसऱ्याचा आकडा कुणी बोलायचा नाही, गंमतीतसुद्धा नाही. यार्मो नावाच्या सातव्या खुंटीच्या कार्ट्याने एकदा ती गंमत केली, तर बाईंनी त्याला आठवडाभर स्कीला हात लावू दिला नाही.

मला पहिल्या नियमाचा राग होता. वेसा तेव्हा बारा वर्षांचा, सहावीत, शाळेत सगळ्यांत वेगवान. मार्चमध्ये आसपासच्या गावांच्या शाळांची शर्यत व्हायची आणि आमचं गाव नऊ वर्षं ती जिंकलं नव्हतं. जानेवारीतल्या पालकांच्या बैठकीत मी उभी राहिले.

"बाई, माझा पोरगा त्या मिर्वाच्या मागून असा चालतो, जसा मयतालाच निघालाय."

सगळे हसले. हेडमास्तर तोलोनेनसुद्धा रुमालाआड हसले.

"मिर्वा पुढच्या वर्षी इतकी हळू नसेल," बाई म्हणाल्या.

"पुढच्या वर्षी माझा वेसा शाळेत नसेल! पळू द्या की पोरांना जरा. का तुम्हाला भीती वाटते, ती तुमच्यापुढे जातील म्हणून?"

हे शेवटचं मी बोलायला नको होतं. बाईंनी समोरची वही मिटली. मग म्हणाल्या, "ठीक आहे. वरच्या वर्गातले पाच जण पुढे जातील. पण वळणापर्यंतच. वळणावर थांबायचं. मागची रांग येईपर्यंत एक पाऊल पुढे टाकायचं नाही."

मी खुशीत घरी गेले आणि वेसाच्या पाठीत धपाटा घालून म्हटलं, "आता दाखव सगळ्यांना."

त्या वळणाविषयी सांगायला हवं. शाळेच्या किनाऱ्यापासून स्कीची चाकोरी तळ्यावर सरळ समोरच्या टोकाच्या दिशेने जायची, पण टोकापर्यंत सरळ जायची नाही. टोकाच्या अलीकडे धार आहे. तिथे खालून पाणी वाहतं आणि कडाक्याच्या हिवाळ्यातही बर्फ पापडाएवढा पातळ राहतो. म्हणून धारेच्या खूप आधी चाकोरी डावीकडे वळायची आणि लांबून वळसा घालून टोकाला पोचायची. चाकोरीच्या कडेने दर वीस पावलांवर स्प्रूसची फांदी रोवलेली असायची. गावची रीत अशी की चाकोरीला स्प्रूस आणि मासे धरायच्या जाळ्यांना पाइन. जाळी बर्फाखाली सोडायला भोकं पाडावी लागतात, तिथे पाइनची फांदी. स्प्रूस दिसला की चाल, पाइन दिसला की थांब, हे आमच्या पोरांना अक्षर ओळखायच्या आधी कळतं.

जाळी मीही लावायचे. फेब्रुवारीत मासा अंड्यांनी भरलेला असतो आणि तो धारेच्या तोंडाशीच मिळतो. माझी भोकं वळणाच्या पुढे वीसेक पावलांवर सुरू होऊन, थेट धारेच्या दिशेने, एका ओळीत. त्या वर्षी पाइन तोडायला जंगलात जायचं म्हणजे कमरेएवढ्या हिमातून जावं लागत होतं. आणि माझ्या स्वयंपाकघरामागे शाळेचं नाताळचं झाड पडलेलं होतं. नाताळ संपल्यावर तेरा जानेवारीला, नुउतीच्या दिवशी, आम्ही झाड बाहेर टाकतो. चांगला हिरवागार स्प्रूस, अजून कुठेकुठे चंदेरी झिरमिळ्या लटकलेल्या. मी कुऱ्हाडीने फांद्या तोडल्या, स्लेजवर टाकल्या आणि माझ्या भोकांपाशी नेऊन रोवल्या. तिकडे कोण मरायला येतंय, असं मनात म्हटलं. अगदी याच शब्दांत म्हटलं.

तो फेब्रुवारीतला तिसरा गुरुवार होता. गुरुवारी वाटाण्याचं सूप आणि पॅनकेक. बाईंनी ठरवलं होतं की पोरं तळं ओलांडून टोकाला येतील आणि तिथे जेवतील. रेइनोने मला आणि सुपाच्या पातेल्याला स्नोमोबाइलवरून उत्तरेच्या किनाऱ्याने टोकावर आणून सोडलं. मग लक्षात आलं की पॅनकेकचा डबा स्वयंपाकघरातच राहिला. तो बडबडत परत गेला. मी लाकडी आडोशापुढे जाळ केला, पातेलं टांगलं आणि तळ्याकडे बघत उभी राहिले.

उणे चौदा होतं, पण लख्ख. पांढऱ्या तळ्यावर ठिपके स्पष्ट दिसत होते. मागे चौदा पोरांची आणि बाईंची रांग, आणि पुढे, बरंच पुढे, पाच ठिपके. सगळ्यांत पुढची टोपी लाल. ती मीच विणलेली. माझ्या छातीत इतका अभिमान दाटला की मी एकटीच हसले.

मग पश्चिमेकडून पांढरी भिंत आली. सूप ढवळायला मी खाली वाकले होते आणि मान वर केली तेव्हा शाळेचा किनारा नव्हता. मग रांग दिसेनाशी झाली. मग लाल टोपी. हिमाची वावटळ आमच्याकडे काही नवलाची नाही, पंधरा-वीस मिनिटांत निघून जाते. पोरांना फांदीपासून फांदीपर्यंत चालायला शिकवलेलं असतं. मी काळजी केली नाही. वाऱ्याने पातेलं हलत होतं, ते धरून उभी राहिले.

वारा माझ्या बाजूला होता. थोड्या वेळाने त्याच्यावरून मोजणी ऐकू आली. बाईंचा "शून्य" नेहमीसारखा हळू नव्हता, घसा फोडून होता. त्या इतक्या जोरात बोलू शकतात हे मला तोवर माहीत नव्हतं. मग मिर्वाचा चिरका "एक!" दोन. तीन. मोकळी जागा. पाच. सहा. मोकळी जागा. आठ, नऊ, दहा. आणि मग दोन श्वासांएवढी मोकळी जागा. तेरा.

चार, सात, अकरा, बारा, सोळा. हे पाच जण तिथे नव्हते.

आवाज वळणावरून येत होता. पाचही जणांनी वळणावर थांबायचं होतं. थांबले नाहीत, पोरंच ती, असं मी स्वतःला सांगितलं. वळून पुढे आली असतील, म्हणजे आत्ता इतक्यात वळशाच्या बाजूने टोकावर पोचतील. मी तिकडे बघत राहिले. मोजणी पुन्हा झाली. पुन्हा पाच जागा मोकळ्या. वळशाच्या बाजूने कुणी आलं नाही.

तेव्हा मला माझ्या फांद्या आठवल्या.

मी मटकन खाली बसले. वावटळीत पुढची एकच फांदी दिसते. वळणाच्या फांदीशी पोचल्यावर पोरांनी समोर बघितलं असणार, आणि समोर स्प्रूस. म्हणजे वळण अजून यायचंय. म्हणजे चला. एकामागून एक नाताळच्या झाडाच्या फांद्या, प्रत्येकीच्या पायाशी मी आदल्याच दिवशी कुऱ्हाडीने मोकळं केलेलं भोक, वर रात्रीचा बोटभर बर्फ आणि त्यावर ताजं हिम. आणि शेवटच्या फांदीपुढे धार.

मी पळी उचलली आणि पातेल्यावर हाणली. एकदा, दोनदा, तीनदा. शेपाचशे मीटरपर्यंत जाईल असा आवाज झाला. "वेसा! इकडे!" असं ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. इकडे म्हणजे कुठून? पोरं माझ्या जाळ्यांपाशी, मी टोकावर, आणि आमच्या मधे काय आहे? मी त्यांना सरळ धारेवर बोलावत होते.

पळी मी हिमात लांब फेकून दिली, पुन्हा हातात येऊ नये म्हणून. दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं. आयुष्यभर मला सगळे म्हणत आले, लेंपी, जरा गप्प बस. गप्प बसणं काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. माझं पोर आवाजाच्या टप्प्यात होतं आणि मला त्याला हाक मारता येत नव्हती.

मोजणी चालूच होती. बाई एक क्षणही थांबत नव्हत्या. शून्य, एक, दोन, तीन, मोकळी जागा. मला तेव्हा कळलं की त्या काय करताहेत. त्या चौदा पोरांना सोडून जाऊ शकत नव्हत्या, आणि कुठे शोधायचं तेही त्यांना दिसत नव्हतं. म्हणून त्या आवाजाचाच किनारा करून उभ्या होत्या. इकडे या, इथे बर्फ जाड आहे.

चौथ्या फेरीला पंधरानंतर एक बारीक, लांबचा आवाज आला. "सोळा!"

मी उठून उभी राहिले. पाचव्या फेरीला "सात!" आला, तोच यार्मो, आणि "सोळा" जवळून आला. सहाव्या फेरीला चार, सात, बारा, सोळा. एकेक पोर परत येत होतं. आता सगळी फेरी भरत होती, फक्त दहानंतर एक जागा मोकळी राहत होती. सातव्या फेरीलाही राहिली. आठव्या फेरीलाही.

मी टोपी काढून कान उघडे केले. उणे चौदामध्ये.

नवव्या फेरीला दहानंतर आवाज आला. "अकरा!"

माझ्या तोंडातून हुंदका बाहेर पडतोय तोच मला कळलं की तो वेसाचा आवाज नाही. वेसाचा आवाज त्या हिवाळ्यात फुटायला लागला होता. हा चिरका होता. मिर्वा. बिचारीला ती मोकळी जागा सहन झाली नसणार.

मोजणी थांबली. वाऱ्यावरून बाईंचा आवाज आला, शब्द न् शब्द स्पष्ट. "मिर्वा, दुसऱ्याचा आकडा कुणी बोलायचा नाही. तो त्याचा त्यालाच बोलू दे. पुन्हा पहिल्यापासून."

त्या क्षणी मी बाईंना शिव्या घातल्या. सात वर्षांच्या पोरीला अशा वेळी कोण रागावतं? मग लक्षात आलं की त्या खोट्या "अकरा"ने मला जे झालं तेच तिथे सगळ्यांना झालं असतं. सगळे आले, असं वाटलं असतं आणि मोजणी संपली असती.

पुढची फेरी सुरू झाली आणि तिच्यात शून्य नव्हता. मिर्वानेच सुरुवात केली, "एक!" मी कान देऊन ऐकलं. शून्य नाही, अकरा नाही. पुन्हा एक, दोन, तीन. मिर्वाचा आवाज थरथरत होता पण थांबत नव्हता. बाई तिच्यावर मोजणी सोपवून गेल्या होत्या. परत आलेल्या चौघांनी वेसा कुठे आहे ते सांगितलं असणार. माझ्या फांद्यांच्या ओळीने, माझ्या भोकांमधून, चोपन्न वर्षांची ती एवढीशी बाई माझ्या पोराला आणायला निघाली होती.

किती फेऱ्या झाल्या ते मी मोजलं नाही. पुस्तिकेसाठी आकडा ठोकून देता येईल, पण नको. इतकं खरं की सूप तळाशी लागलं, जळका वास आला आणि मी पातेलं उतरवलं नाही.

मग वळणाच्या नव्हे, जाळ्यांच्या बाजूने, घोगरा आवाज आला, "शून्य!"

"एक!" मिर्वा किंचाळलीच. दोन, तीन, चार, पाच. सगळी पोरं आता ओरडत होती, आकडे एकमेकांवर चढत होते. आठ, नऊ, दहा.

आणि मोकळी जागा. त्या जागेत मी काय काय कबूल केलं ते देवाला माहीत.

"अ... अकरा."

फुटका, दात वाजणारा, माझा.

वावटळ निघून गेली तेव्हा दिसलं. बाई पुढे, वेसा त्यांच्या मागे, एका पायात स्की, दुसऱ्या पायात बाईंची एक स्की, आणि त्याच्या अंगावर बाईंचा कोट. बाई एका पायावर स्की आणि दुसऱ्या पायाने हिमात रुतत चालत होत्या. त्या डावीकडे वळसा घालून पूर्ण रांगेला घेऊन टोकावर आल्या. सगळ्यांत पुढे मिर्वा, तिच्या गतीने. मी जाळाशीच उभी राहून एकेक टोपी मोजली.

वेसाला आडोशात कपडे बदलायला लावलं. माझं जाकीट, बाईंचे जास्तीचे मोजे, यार्मोची वरची विजार. जाळाशी बसवून गरम सूप पाजलं, जळक्या वासाचं. हळूहळू तो बोलायला लागला.

"आई, तिसऱ्या फांदीवर झिरमिळी दिसली. मी म्हटलं, ही तर आईची जाळी. मी सगळ्यांना थांबवलं. तेवढ्यात पातेल्याचा आवाज आला, आणि यार्मो न् आमच्यातला पेत्री तिकडेच निघाले. मी आडवा गेलो त्यांना अडवायला. तिथे भोक होतं."

म्हणजे पातेलंसुद्धा. मी ऐकून घेतलं. पाय आत गेला, मग कमरेपर्यंत. काठ्या आडव्या टाकून तो कोपरांवर टिकून राहिला, नोव्हेंबरात शिकवलं होतं तसा. बाकीच्यांना मोजणीच्या दिशेने पाठवलं, एकेकाला, दूर दूर. मोजणी त्याला ऐकू येत होती. "दर वेळी तोंड उघडायचो ग, नुसता अ निघायचा," तो म्हणाला. बाई पालथ्या सरपटत आल्या आणि काठीचं टोक त्याच्या हातात दिलं.

बाई जाळाशी उभ्या होत्या. त्यांच्या हातात स्प्रूसची फांदी होती, झिरमिळी लटकलेली.

"ही माझी," मी म्हणाले.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "झाड ओढून नेताना तुम्हाला मी माडीवरून बघितलं होतं. तेव्हाच विचारायला हवं होतं, कशाला नेताय म्हणून. विचारलं नाही. तुमच्याशी बोलायचा कंटाळा आला होता मला." मग त्यांनी फांदी जाळात टाकली. "वाढा आता. पोरं थंड पडतील."

शनिवारी पालकांची बैठक झाली. तोलोनेन मास्तरांनी तळ्यावरची स्की कायमची बंद करायचा ठराव आणला होता. लोक बाईंवर तुटून पडले. चौदा पोरांना वावटळीत उभं केलं, सात वर्षांच्या पोरीच्या भरवशावर सोडलं, हिशेब काय याचा? मग मी उठले आणि सगळं सांगितलं. झाड, फांद्या, पातेलं, आणि जानेवारीत मी काय बोलले होते तेही. माझ्या बोलण्यावर त्या दिवशी कुणी हसलं नाही. मी खाली बसल्यावर बाई एवढंच म्हणाल्या, "पुढे जायची परवानगी मी दिली. यापुढे देणार नाही." ठराव बारगळला. शर्यत आम्ही त्याही वर्षी हरलो, वेसा न्यूमोनियाने अंथरुणावर होता. नंतरच्या हिवाळ्यांत मिर्वा पुढे चालली, मग मिर्वाहून हळू असलेलं दुसरं कुणी. मी जाळी लावणं सोडलं नाही, पण पाइनसाठी कमरेएवढ्या हिमातून जात राहिले.

बाई आणि मी त्यानंतर मैत्रिणी झालो असं लिहिलं तर पुस्तिका छान दिसेल. झालो नाही. बाई गुरुवारचं सूप फार खारट आहे म्हणायच्या आणि मी त्यांना म्हणायचे, मग घरी खा. पण त्यांची स्की मी दर शरदात स्वतः डांबराचा हात देऊन ठेवायचे. ते काम त्यांनी कधी परत स्वतः केलं नाही.

आता बाई शहरातल्या वृद्धाश्रमात आहेत. ब्याऐंशी वर्षांच्या. मला ओळखतात कधी, कधी नाही. बहुतेक दुपारी खिडकीकडे तोंड करून पडलेल्या असतात आणि मधेच हळू आवाजात म्हणतात, "शून्य." मग बोट चादरीवर एकेक टिचकी मारत जातं. त्यांना बाकीचे आकडे ऐकू येत असावेत, कारण बोट अडत नाही. दहापर्यंत जातं. मग थांबतं, आणि त्या माझ्याकडे बघायला लागतात.

पहिल्यांदा हे झालं तेव्हा मला त्यांची ती नजर बघवेना. मी म्हटलं, "अकरा, बाई. आला तो. अकरा."

त्यांच्या कपाळावर आठी पडली. "लेंपी, दुसऱ्याचा आकडा कुणी बोलायचा नाही."

त्या दिवशी त्यांनी माझं नाव बरोबर घेतलं. बोट मात्र तिथेच, चादरीवर, उचललेलं. नर्स येऊन गेली, कॉफी आली, निवली, बोट तसंच. मी पर्समधून फोन काढला. वेसा गोथेनबर्गला असतो, बसच्या आगारात इंजिनं दुरुस्त करतो, दिवसा फोन केलेला त्याला आवडत नाही.

"आई, कामावर आहे ग मी. काय झालं?"

"काही नाही. बाईंपाशी आहे. त्यांची मोजणी अडली आहे."

पलीकडे कुठेतरी हातोडा वाजत होता, कुणीतरी स्वीडिशमध्ये ओरडत होतं. मग त्याने तिकडच्या कुणाला तरी गप्प बसायला सांगितलं. मी फोन बाईंच्या कानाशी धरला.

"अकरा!" तो ओरडला. चाळीस वर्षांचा माणूस, आगारात उभा राहून, घसा फोडून.

बाईंचं बोट खाली आलं. मग त्यांनी पुढची टिचकी मारली, बाराची, आणि तेराची, आणि एकोणीसपर्यंत जाऊन हात चादरीखाली घेतला.